वारीनंतरची आगगाडी

आषाढी एकादशी पार पडली, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला, म्हणजे वारी पुरी झाली. मग पुढे काय? जाताना टाळमृदंगांनी दुमदुमलेली वाट परतीला ओस पडलेली असते. पालख्या पायीच माघारी जातात, हे पुष्कळांच्या गावीही नसते. कारण त्यांच्यासंगे परतणारी माणसे थोडी. बाकीचा एवढा समुदाय कुठे जातो, कसा जातो, हे संतचरित्रांत सापडत नाही. ते शोधायला रेल्वेचा इतिहास चाळावा लागतो.

हैबतबाबा आरफळकरांनी सुमारे १८३२ साली आळंदीहून माउलींचा पालखीसोहळा सुरू केला, तेव्हा ह्या देशात रेल्वे नव्हती. येणे पायी, तसे जाणेही पायी. पुढे १८५३ साली बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, १८६० मध्ये रूळ सोलापुरास पोचले आणि १८६३ साली बोरघाट पार झाला. मुंबईचा माणूस आता थेट सोलापुरास जाऊ लागला. पंढरपूर मात्र ह्या मार्गापासून बाजूलाच राहिले. कुर्डुवाडीस उतरावे आणि पुढे बैलगाडी पाहावी, नाहीतर चालू लागावे!

ही उणीव भरून काढली ती एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने. गृहस्थ मोठा छांदिष्ट होता. अरबी घोड्यांचा त्याला नाद, आणि उतारवयात त्याने वैमानिकांसाठी हवाई छत्री बनवली. अडीच फुटी रुळांवरही पुष्कळ माल वाहता येतो, फक्त कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू देता कामा नये, असे त्याचे म्हणणे. १८९५ साली लंडनात बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली आणि १८९७ मध्ये तिची गाडी कुर्डुवाडीहून बार्शीस गेली. पहिला डोळा बार्शीच्या बाजारपेठेवर होता. विठोबाची पाळी आली ती १९०६ साली. सुमारे बावन्न किलोमीटरांची ती वाट, पण तिने वारकऱ्याचे कितीतरी दिवस वाचवले. पेरणी टाकून आलेल्या कुणब्याला त्या दिवसांचे मोल विचारावे.

१९२७ साली हीच लाइन मिरजेपर्यंत गेली, आणि माझ्या मते खरा पालट झाला तो तेव्हा. तोवर पंढरपूर म्हणजे रुळांचा शेवट होता; आता तिथून दोन दिशा फुटल्या. मिरजेकडे गेले तर कोल्हापूरची अंबाबाई, नरसोबाची वाडी; कुर्डुवाडीकडे वळले तर सोलापूर, तिथून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. ‘आता गाडीने कुठे?’ हा प्रश्न पुसण्याची सोय झाली.

पंढरी घडल्यावर आणखी कुठले दैवत कशाला, असे कर्मठ वारकरी म्हणतात. त्यांचा मुद्दा मला कळतो. पण तो मला पुरुषी वाटतो. घरच्या बाईला उंबरठ्याबाहेर पडायला मिळते वर्षातून एकदा, आणि कुलदेवतेचा नवस अंगावर असतो दहा वर्षांचा. आमची एक आत्या नायगावहून वारीला जाई. लुगड्याच्या पदराच्या गाठीत तिकिटाचे पैसे ती वेगळे ठेवी आणि ते वाटेत कशासाठीही मोडत नसे. “पाय सुजून टम्म झाले होते रे, पण त्या बारक्या गाडीत मिरजेपर्यंत मी डोळा मिटला नाही,” असे ती सांगे. अंबाबाईची ओटी भरून मगच ती घरी येई.

ह्या सोयीला दुसरीही बाजू होती. हिंदुस्थानातल्या अनेक रेल्वे यात्रेच्या दिवसांत माणसांना मालडब्यांत कोंबत आणि भाडे मात्र माणसांचे घेत. आणि पटकी! पूर्वी आजारी यात्रेकरू वाटेतच पडे; आगगाडीने तो रोगासकट घरी पोचू लागला. सरकारी डॉक्टर पंढरपूरच्या यात्रेकडे धास्तीने पाहत, ते उगीच नव्हे.

१९५४ साली ही लाइन सरकारने घेतली. पुढे ह्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत तिचे रूळ रुंद झाले आणि कॅल्थ्रॉपची चिमुकली गाडी गेली. आज आम्ही नायगावकर लोकलने खाडी ओलांडतो, दादरला पूल चढून पलीकडे मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरतो आणि कुर्डुवाडीची वाट धरतो. परतताना मात्र बायका अजूनही आधी मिरजेच्या गाडीची वेळ विचारतात.