४६३६ : हैतीतला एक फोन नंबर

संकटात सापडलेल्या माणसांना मोबाइल आणि उपग्रह कसे उपयोगी पडतात, याबद्दल हल्ली बरंच कौतुकाने लिहिलं जातं. त्या कौतुकात एक उदाहरण हमखास येतं, १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत झालेल्या भूकंपाचं. त्याबद्दल मी वाचत गेले, आणि जन्मभर मुलांना भाषा शिकवल्यामुळे असेल, मला त्यात सगळीकडे भाषेचीच गोष्ट दिसायला लागली.

हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा भाग. गुलामांनी फ्रेंच मालकांविरुद्ध बंड केलं आणि १८०४ साली देश स्वतंत्र केला. मालक गेले, त्यांची भाषा मात्र राहिली. कोर्टकचेरी, शाळा, सरकारी कागद सगळं फ्रेंचमध्ये. आणि घरात, बाजारात, शेतात अख्खा देश बोलतो ती क्रेओल. तिला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा मान मिळायला १९८७ची राज्यघटना यावी लागली. (ओळखीचं वाटतंय ना?)

तर त्या दिवशी दुपारी पाचच्या सुमारास ७ तीव्रतेचा धक्का बसला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली. राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा पडला, संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्य कार्यालय पडून त्यांचे तिथले प्रमुख हेदी अन्नाबी गेले. म्हणजे मदत करणारेच ढिगाऱ्याखाली. एकूण माणसं किती गेली याचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत आहेत.

फोन लागत नव्हते. पण एसएमएस अधूनमधून जात होते. फोनवर बोलायला दोन्ही टोकांमध्ये सलग मोकळी वाट लागते. एसएमएसची चिठ्ठी इवलीशी, वाट मिळेपर्यंत थांबून राहते आणि मग सरकते. काही दिवसांतच तिथल्या मोबाइल कंपन्यांनी ४६३६ हा नंबर फुकट उपलब्ध करून दिला. कुठे आहात, काय हवंय, ते या नंबरावर कळवा, असं आवाहन झालं. लोकांपर्यंत नंबर पोचवला तो मुख्यतः रेडिओने. सिग्नल एफएम नावाचं एक केंद्र भूकंपानंतरही बोलत राहिलं होतं. नवं तंत्रज्ञान जुन्या रेडिओच्या खांद्यावर बसून आलं, हे मला फार आवडलं.

निरोप येऊ लागले, हजारोंनी. बहुतेक क्रेओलमध्ये. आणि मदतीला आलेल्या परदेशी पथकांना क्रेओलचं अक्षर कळत नव्हतं! मग रॉबर्ट मन्रो नावाच्या एका भाषातंत्रज्ञाने जगभर विखुरलेल्या हैतीच्या लोकांना इंटरनेटवर एकत्र आणलं. नर्सा, विद्यार्थी, टॅक्सीवाले असे हजाराहून अधिक लोक रात्रंदिवस भाषांतर करत बसले. बहुतेक निरोप काही मिनिटांत इंग्रजी होऊन पुढे जात. त्यातला एक निरोप असा होता : ओकापच्या दक्षिणेला चौदा किलोमीटरवर मिलो गावात साक्रे-कर इस्पितळ आहे, ते जखमींना घ्यायला तयार आहे. आता हे ओकाप कुठलं? नकाशावर त्या नावाचं शहर नाही. काप-हाइतियँ या मोठ्या शहराला तिथले लोक ओकाप म्हणतात, हे तिथे वाढलेल्यालाच माहीत. पुढे या मिलोच्या इस्पितळात हेलिकॉप्टरने कितीतरी जखमी नेले गेले.

उपग्रहांचं काम वेगळं. भूकंपापूर्वी पोर्ट-ओ-प्रिन्सचा सगळ्यांना वापरता येईल असा चांगला नकाशाच नव्हता. उपग्रह कंपन्यांनी ताजी छायाचित्रं खुली केली, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या ती गिरवून दोनेक आठवड्यांत गल्लीबोळांसकट शहराचा नकाशा उभा केला. पथकं तो जीपीएस यंत्रांत भरून हिंडत. पण वरून छपरं दिसतात, गल्लीचं नाव दिसत नाही. 'मारुतीच्या मागे, पाराजवळचं तिसरं घर' असे आपल्याकडचे पत्ते आठवा, म्हणजे अडचण कळेल. केनियात २००७च्या निवडणुकीनंतर झालेल्या हिंसाचाराच्या वेळी 'उशाहिदी' नावाची एक संगणक-प्रणाली जन्माला आली होती. स्वाहिलीत उशाहिदी म्हणजे साक्ष. तीच वापरून बॉस्टनजवळ पॅट्रिक मायर आणि त्यांच्याबरोबरचे विद्यार्थी आलेले निरोप नकाशावर टिपत होते. जागा नेमकी कुठली, हे विचारायला शेवटी हैतीचाच माणूस लागे.

कौतुक करताना एक गोष्ट मात्र लपवू नये. परदेशी पथकांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढलेली माणसं सुमारे १३०. बाकी ज्यांना वाचवलं ते शेजाऱ्यांनी, हातांनी, घरातल्या पहारींनी. ४६३६वर आलेले पुष्कळ निरोप तर अन्नपाण्यासाठी होते. कळवा म्हणणारे खूप होते, पण आलेल्या निरोपाला उत्तर देणं कुणाच्या गळ्यात बांधलेलं नव्हतं. मदतीच्या बैठका विमानतळाजवळच्या तळावर इंग्रजीत चालायच्या, आणि हैतीच्या संस्थांच्या लोकांना तिथे आत शिरणंसुद्धा अवघड होतं. ज्यांच्या घरी लग्न, त्यांनाच मांडवाबाहेर उभं करायचं! असो.

पुढे भाषांतराचं काम स्वयंसेवकांकडून पगारी लोकांकडे गेलं. त्यातले काही मध्य हैतीतल्या मीरबाले गावात बसून ते करत. मोडलेल्या देशात चार जणांना रोजगार मिळाला.

हे मीरबाले लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशात कॉलरा पसरला, तो या गावाजवळून. तिथे राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीची छावणी होती, आणि तिची घाण नदीत जात होती. पिढ्यानपिढ्या ज्या देशाने कॉलरा पाहिला नव्हता, तिथे सरकारी आकड्यांप्रमाणेच दहा हजारांच्या आसपास माणसं दगावली.

तंत्रज्ञान याही वेळी हजर होतं. भूकंपानंतर स्वीडनच्या संशोधकांनी डिजिसेल कंपनीच्या सुमारे १९ लाख सिमकार्डांच्या हालचालींवरून राजधानीतून सव्वासहा लाखांवर माणसं बाहेर पडल्याचा अंदाज बांधला होता. कॉलऱ्याच्या वेळी त्यांनी तेच करून, लागण झालेल्या भागातून लोक कुठे जाताहेत ते काही तासांत सांगितलं. विलक्षणच म्हणायचं.

पण रोग कुठून आला हे मीरबालेचे लोक सुरुवातीपासून छावणीकडे बोट दाखवून सांगत होते. त्यासाठी उपग्रह नको होता की सिमकार्ड. फ्रेंच तज्ज्ञ रेनो पियारू यांच्या तपासाचा रोखही तिकडेच निघाला. राष्ट्रसंघ वर्षानुवर्षं कानावर हात ठेवून बसला. अखेर १ डिसेंबर २०१६ रोजी सरचिटणीस बान की-मून यांनी न्यूयॉर्कच्या आमसभेत हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत तर मागितलीच, पण क्रेओलमध्येही मागितली.