पेणच्या गणेशमूर्तींचे रंगकाम

पेणच्या गणेशमूर्तींचे रंगकाम ही महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील पेण शहर व तालुक्यातील हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे आदी गावांत विक्रीसाठी तयार होणाऱ्या गणेशमूर्तींवर केली जाणारी अखेरची कलाप्रक्रिया आहे. वाळलेल्या मूर्तीची घासणी, अस्तर, अंगरंग, वस्त्र व दागिन्यांचे रंग आणि डोळ्यांची आखणी हे तिचे मुख्य टप्पे होत. एकाच साच्यातून शेकडो मूर्ती निघत असल्याने एका मूर्तीचे दुसरीपासूनचे वेगळेपण बहुतांशी रंगकामावरच ठरते. पेणच्या मूर्तींची ख्याती मुख्यत्वे त्यांच्या डोळ्यांमुळे आहे.

पार्श्वभूमी

१८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला आणि मूर्तींची मागणी वाढत गेली. मुंबईची मोठी बाजारपेठ जवळ असल्याचा लाभ पेणला मिळाला. आज येथील कारखाने जवळजवळ वर्षभर चालतात व मूर्ती परदेशांतही जातात. हमरापूर-जोहे परिसरातून पुष्कळ मूर्ती न रंगवताच, म्हणजे 'कच्च्या' स्वरूपात, उन्हाळ्यापासूनच अन्य गावांच्या व्यापाऱ्यांकडे रवाना होतात आणि त्यांचे रंगकाम तेथील कारागीर करतात. त्यामुळे पेणची म्हणून विकली जाणारी प्रत्येक मूर्ती पेणच्याच कुंचल्याने रंगलेली असते, असे नाही.

पूर्वतयारी

मूर्ती शाडूची आहे की प्लास्टर ऑफ पॅरिसची, यावर पुढील सारे काम अवलंबून असते. शाडू माती प्रामुख्याने गुजरातेतून येते. शाडूची मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी लागते. उन्हात घाई केली तर ती तडकते. वरून कोरडी दिसणारी मूर्ती आतून ओली राहिली असेल, तर हा ओलावा पुढे बाहेर पडतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. कोकणातील पावसाळ्यात ही अडचण सर्वाधिक जाणवते, आणि रंगकामाचा भर नेमका त्याच महिन्यांत असतो. प्लास्टर मात्र काही मिनिटांतच घट्ट होते, वजनाला हलके असते आणि प्रवासात कमी फुटते. त्याचा प्रसार का झाला, हे समजण्यास एवढे पुरेसे आहे.

साच्याच्या सांध्यांवर राहिलेल्या रेघा व खड्डे त्याच मातीच्या किंवा प्लास्टरच्या लगद्याने बुजवले जातात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासला जातो. त्यावर पांढरे अस्तर चढवतात. अस्तराशिवाय माती व प्लास्टर दोन्ही रंग शोषून घेतात आणि रंग डागाळलेला दिसतो. पूर्वी अस्तरासाठी खडूची पूड डिंकात किंवा सरसात कालवत असत. आता तयार रंगही वापरले जातात.

रंगकाम

अंगाचा मूळ रंग आणि त्यावरील छटा बहुधा कॉम्प्रेसरला जोडलेल्या स्प्रे गनने देतात. सोंडेचे वळण, पोटाची गोलाई व गालांचा उठाव या छटांमुळे खुलतो. त्यानंतर पीतांबर, शेला, मुकुट व दागिने कुंचल्याने रंगवले जातात. सोनेरी रंग शेवटच्या टप्प्यात देतात, कारण त्यावर दुसऱ्या रंगाचा डाग पडला तर तो झाकता येत नाही. खडे चिकटवणे, कापडी धोतर किंवा फेटा नेसवणे ही सजावट अलीकडे वाढली आहे. ती आकर्षक असते, पण कच्चे रंगकामही तिच्याखाली सहज दडते.

आखणी हे सर्वांत जबाबदारीचे काम. डोळ्याचा पांढरा भाग, कोपऱ्यांतील फिकट लाली, बुबुळ, त्यातील प्रकाशाचा ठिपका, पापणीची रेषा आणि भुवई या क्रमाने ते चालते. दोन्ही बुबुळे किंचितही वेगवेगळ्या दिशांना गेली तर चेहरा बिघडतो. समोर बसलेल्या भक्ताकडे देव पाहतो आहे असे वाटणे, हीच या कामाची कसोटी मानली जाते. त्यामुळे कारखान्यात इतर रंग अनेक हातांनी दिले जात असले, तरी आखणी मोजक्या अनुभवी कारागिरांकडेच असते. भरणीच्या व रंगाच्या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. कारखान्याच्या पाटीवर मात्र त्यांची नावे क्वचितच दिसतात.

अर्थकारण

या व्यवसायात भांडवल वर्षभर गुंतते आणि विक्री प्रामुख्याने भाद्रपद शुद्ध चतुर्थीपूर्वीच्या काही आठवड्यांत होते. चतुर्थी उलटल्यावर उरलेल्या मूर्तीला गिऱ्हाईक मिळणे कठीण. ती पुढील वर्षासाठी ठेवली तर जागा अडते, रंगावर धूळ बसते व मूर्ती पुन्हा रंगवावी लागते.

पर्यावरणविषयक निर्बंध

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना जारी करून प्लास्टरच्या मूर्तींना आणि विषारी रासायनिक रंगांच्या वापराला मनाई केली. मूर्ती आधीच तयार झाल्या असल्याने त्या वर्षापुरती सवलत देण्यात आली. पुढे ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन करण्यास परवानगी दिली नाही. २४ जुलैच्या आदेशाने सहा फुटांपेक्षा उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत यातून सूट मिळाली. त्याहून लहान मूर्तींसाठी कृत्रिम तलाव बंधनकारक झाले. प्लास्टरवरील वादात रंगांचा प्रश्न काहीसा मागे पडतो. वास्तविक शाडूची मूर्तीही तैलरंगाने रंगवली, तर ती पर्यावरणपूरक म्हणता येत नाही. पाण्यात मिसळणारे रंग वापरले तर चकाकी कमी येते आणि दमट हवेत वाळण्यास वेळ लागतो. हा वेळ कारागिराला ऐन हंगामात काढावा लागतो.