डोळ्यांवरची पट्टी

आमच्या कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. हे बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. माझ्या लहानपणी आमच्या शेजारी अशी एक आजी राहत असे. नऊवारी नेसायची, अस्सल कोकणी ठसक्यात रागवायची आणि शुक्रवारी तिन्हीसांजेला दिवा लावायची. या माणसांचा कुणी द्वेष करू शकेल, हे आम्हां मुलांच्या स्वप्नातही आले नसते.

म्हणूनच पुढे एकदा फ्रान्समधील स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलपाशी उभा राहिलो, तेव्हा दक्षिण दरवाजावरच्या दोन दगडी स्त्रियांनी मला कोड्यात टाकले. एकीच्या माथ्यावर मुकुट, हातांत क्रूस आणि पवित्र प्याला. ती चर्च. दुसरीच्या डोळ्यांवर पट्टी, हातात मोडका भाला, आणि नियमशास्त्राची पाटी निसटू पाहत असलेली. ती सभास्थान, म्हणजे इस्राएल. मूळ मूर्ती १२३० च्या सुमाराच्या. त्या आता जवळच्या संग्रहालयात आहेत, दारावर त्यांच्या प्रतिकृती आहेत. एका पुस्तकाच्या दोन वारसदारांपैकी एकीला आंधळी कुणी ठरवले?

येशू ज्यू, त्याची आई ज्यू, त्याचे शिष्यही ज्यूच. ज्यूंच्या धर्मग्रंथालाच ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात. इ. स. ५७ च्या सुमारास संत पौलाने रोमकरांना पत्र लिहिले, त्यात एक दृष्टान्त आहे. आमच्याकडे रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. पौलाने उलटे सांगितले. इस्राएल हा बागेतला जैतून. त्यावर परराष्ट्रीयांची रानटी फांदी कलम केली आहे. तेव्हा फांदीने मुळावर ऐट मिरवू नये. मूळच तिला पोसते. देवाने इस्राएलला दिलेले वरदान तो परत घेत नाही, असेही पौल बजावतो.

पण फांदी मूळ विसरली. इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले आणि ख्रिस्ती पंडितांना त्यात देवाचा कौल दिसू लागला. दुसऱ्या शतकात जस्टिनने, खरे इस्राएल आता आम्हीच, असा दावा मांडला. जुना करारच टाकून द्या म्हणणाऱ्या मार्सियनला मात्र रोमच्या मंडळीने १४४ साली बाहेर काढले. म्हणजे ग्रंथ हवा, ग्रंथ जपणारे नकोत! ऑगस्टीनने एक मधली वाट काढली : ज्यूंना मारू नका, ते आपल्या ग्रंथाचे साक्षीदार आहेत, पण ते विखुरलेलेच राहोत. या शिकवणीने काही जीव वाचले असतील. मान मात्र दिला नाही.

विचार पोथीत राहत नाहीत, रस्त्यावर येतात. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या जमावांनी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स व माइन्झ येथील ज्यूंची कत्तल केली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने ज्यूंना वेगळा पोशाख लावला. आणि याच स्ट्रासबर्गमध्ये १४ फेब्रुवारी १३४९ रोजी, विहिरींत विष टाकल्याच्या खोट्या आरोपावरून, शेकडो ज्यूंना जाळले गेले. ती पट्टी बांधलेली मूर्ती तेव्हाही तिथेच उभी होती.

झूल इझाक या फ्रेंच ज्यू इतिहासकाराची पत्नी आणि मुलगी नाझींच्या छळछावणीच्या बळी ठरल्या. नाझींचा वंशद्वेष वेगळा खरा, पण त्याला जमीन कुणी नांगरून दिली, हा प्रश्न त्याने आयुष्यभर विचारला. १३ जून १९६० रोजी तो वृद्ध गृहस्थ पोप तेविसावे जॉन यांना भेटला. चर्चने ज्यूंविषयीची आपली शिकवण तपासावी, एवढेच त्याचे मागणे होते. पोपनी ते काम कार्डिनल बेआ यांच्याकडे सोपवले. वाद पुष्कळ झाले. १९६३ मध्ये पोप आणि इझाक दोघेही वारले. अखेर २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २२२१ विरुद्ध ८८ मतांनी जाहीरनामा संमत केला. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सर्व ज्यूंवर वा आजच्या ज्यूंवर लादता येणार नाही. देवाने त्यांना टाकलेले नाही, असे त्यात म्हटले. आणि आधार कुठला? तर पौलाचे तेच जैतुनाचे झाड!

सगळे मिटले असे नव्हे. येशूवाचून तारण नाही आणि इस्राएलशी देवाचा करारही अभंग, ही दोन वाक्ये एका दमात कशी म्हणावीत, यावर ख्रिस्ती पंडित अजून खल करतात. १९४८ च्या इस्राएल राष्ट्राला या धर्मविचारात कोणते स्थान द्यावे, यावर तर पंथापंथांत तीव्र मतभेद आहेत.

तरीही २०१५ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका ख्रिस्ती विद्यापीठात त्या दोन स्त्रियांची नवी मूर्ती उभी राहिली. आता दोघी शेजारी बसल्या आहेत, दोघींच्या माथ्यावर मुकुट आहे, आणि त्या एकमेकींच्या ग्रंथात डोकावत आहेत. तिचे चित्र पाहिले आणि मला आमच्या शेजारची आजी आठवली. दिवाळीत आमच्या पणत्या आणि तिचा शुक्रवारचा दिवा कधी एकाच संध्याकाळी लागत. कुणाचा दिवा खरा, हा प्रश्न आमच्या अंगणात कुणी विचारला नव्हता.