तळटीप : ‘राजपूत’ कोणती?

* लेखकाने इथे नुसते ‘राजपूत’ म्हटले आहे. १९८० साली नौदलात आलेली सोव्हिएत बनावटीची विनाशिका ती ही नव्हे. ही तिच्या आधीची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने बांधलेल्या ‘आर’ वर्गातल्या आठ विनाशिकांपैकी ‘रॉदरहॅम’. १९४९ मध्ये ‘रिडाउट’ आणि ‘रेडर’ यांच्यासह ती भारताकडे आली. त्या दोघी ‘रणजित’ आणि ‘राणा’ झाल्या. चार ४.७ इंची तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या, हे सारे आधीच्या ‘क्यू’ वर्गासारखेच. मला मोलाचा वाटतो तो एक साधा बदल. पूर्वी अधिकाऱ्यांच्या खोल्या पार पिछाडीला असत. वादळी रात्री पाळीवर जायचे, तर लाटांनी धुऊन निघणाऱ्या उघड्या डेकवरून हाताला लागेल ते घट्ट धरत ब्रिज गाठावा लागे. ‘आर’ वर्गात त्या खोल्या पुढे आणल्या. ३-४ डिसेंबर १९७१ च्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ याच ‘राजपूत’च्या डेप्थ चार्जनी बुडाली, असे भारतीय नौदल मानते, पाकिस्तानला ते मान्य नाही. १९७६ मध्ये ‘राजपूत’ मोडीत निघाली.