विखुरलेल्या चमूसाठी सॉफ्टवेअर निवडताना

एकमेकांपासून दूर असलेल्या माणसांकडून एकच काम वेळेवर करवून घेणे, ही गोष्ट राहाता तालुक्याला नवी नाही. याच तालुक्यातील लोणी-प्रवरानगर येथे १९५०च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून दरवर्षी गाळप हंगामात शेती कार्यालय, गट कार्यालय, चिटबॉय, तोडणी मुकादम, वाहतूकदार आणि सभासद शेतकरी अशी मंडळी एका छताखाली न येताही एका साखळीत काम करतात. तोडलेला ऊस शेतात पडून राहिला, की त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. त्यामुळे निरोप उशिरा पोहोचणे म्हणजे पैशाचे नुकसान, हे येथील शेतकऱ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

२०२०च्या टाळेबंदीत महानगरांतील कार्यालये बंद झाली आणि नोकरदार आपापल्या गावातील घरांतून काम करू लागले. त्यानंतर विखुरलेला चमू हा केवळ मोठ्या संगणक कंपन्यांचा विषय राहिला नाही. हिशेबनीस, आरेखनकार, शिक्षण संस्था, शेतमालाचे व्यापारी अशा सर्वांनाच एकत्र काम करण्यासाठी सॉफ्टवेअर लागते. बाजारात त्यांची वाण नाही. प्रश्न आहे तो निवडीचा.

वारणेचा धडा

या निवडीसाठी मार्गदर्शक ठरेल असे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९९८मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा खोऱ्यात केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्या काळी तो देशभर गाजला. गावातील केंद्रावर बसून शेतकऱ्याला जगाची माहिती मिळेल, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात संगणकाचा उपयोग प्रामुख्याने ऊसतोडणीची परवानगी, उसाचे वजन, खतखरेदीचा हिशेब अशा मोजक्या कामांपुरताच होत राहिला. २००७मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत प्रयोग करून हीच माहिती साध्या मोबाइलवरील एसएमएसने देण्याची व्यवस्था बसवली. ती संगणकापेक्षा स्वस्त तर ठरलीच, शिवाय शेतकऱ्यांनाही अधिक सोयीची वाटली.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. साधनात काय काय आहे, हे पाहण्याआधी आपल्या माणसांमध्ये रोज कोणते निरोप जातात, हे पाहावे. एक आठवडा त्याची वहीत नोंद केली, तरी निम्मी निवड आपोआप होते.

चार कामे, चार प्रकार

चमूच्या व्यवहाराचे ढोबळमानाने चार भाग पडतात. पहिला संभाषणाचा. त्यासाठी स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगल चॅट, झोहो क्लिक ही साधने आहेत. दुसरा समोरासमोर बोलण्याचा. त्यासाठी झूम, गूगल मीट, जित्सी वापरतात. तिसरा कागदपत्रांचा. गूगल डॉक्स, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो वर्कप्लेस यांत अनेक जण एकच मसुदा एकाच वेळी हाताळू शकतात. चौथा कामाच्या वाटपाचा. कोणते काम कोणाकडे आहे आणि ते कधी पूर्ण होणार, हे ट्रेलो, असाना, जिरा अशा साधनांत नोंदवता येते.

पाच-सहा जणांच्या चमूला चारही प्रकार विकत घेण्याची गरज क्वचितच असते. मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या एकाच गटात चारही कामे कोंबली, की निर्णय शुभेच्छांखाली गाडले जातात आणि काम कोणाकडे होते, यावर वाद सुरू होतात. आपल्याकडे सर्वाधिक घोटाळा ज्या प्रकारात होतो, त्याचे साधन प्रथम घ्यावे.

सर्वांत अशक्त जोडणी

साधनाची परीक्षा मुख्य कार्यालयातील वेगवान इंटरनेटवर घेतली जाते, ही नेहमीची चूक. ती घ्यावी चमूतील सर्वांत अशक्त जोडणीवर. हिशेब करून पाहा. झूमच्या माहितीनुसार केवळ आवाजासाठी सेकंदाला ६० ते ८० किलोबिट पुरतात, तर दोघांच्या चांगल्या दर्जाच्या चित्रसंवादाला प्रत्येक दिशेने सुमारे ६०० किलोबिट लागतात. म्हणजे एका दिशेने तासाला आवाजासाठी जास्तीत जास्त ३६ मेगाबाइट, तर चित्रासाठी २७० मेगाबाइट. वीज गेल्यावर मोबाइलच्या जोडणीवर काम चालवणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

येथे प्रश्न केवळ सोयीचा नाही. ज्याचा आवाज बैठकीत वारंवार तुटतो, त्याचे मत विचारले जाईनासे होते. पुढे महत्त्वाची कामेही त्याच्याकडे येत नाहीत. पुण्यातील सहकाऱ्याइतकेच कौशल्य असूनही राहात्यातील कर्मचारी मागे पडतो, तो अशा रीतीने. म्हणून बैठकीत झालेला प्रत्येक निर्णय लेखी नोंदवला जाईल आणि बैठकीबाहेरही मत देता येईल, असेच साधन निवडावे. जोडणी नसताना लिहिता येते का आणि ती परत आल्यावर मजकूर आपोआप पोहोचतो का, हेही तपासावे.

मोफत म्हणजे किती?

मोफत योजनांना मर्यादा असतात. झूमच्या मोफत खात्यावरील बैठक ४० मिनिटांत संपते. गूगल मीटवर तीन किंवा अधिक जणांच्या बैठकीला ६० मिनिटांची मर्यादा आहे. स्लॅकच्या मोफत योजनेत मागील ९० दिवसांचेच संदेश दिसतात आणि वर्षाहून जुने संदेश पुसले जातात. ज्यांना गेल्या वर्षीचा व्यवहार पाहावा लागतो, त्यांनी ही अट आधीच ध्यानात घ्यावी. बहुतेक योजनांचे शुल्क दरडोई असते. त्यामुळे हंगामापुरती माणसे घेणाऱ्या व्यवसायाने वर्षाचा नव्हे, महिन्याचा करार पाहावा.

मॅटरमोस्ट, झुलिप, नेक्स्टक्लाउड ही मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतात. पण त्यांची देखभाल, सुरक्षेच्या सुधारणा आणि माहितीच्या प्रती ठेवणे यांसाठी जाणकार माणूस हवा. तो नसेल, तर ही बचत महागात पडते.

मराठीची कसोटी

मराठीतून काम करणाऱ्यांनी आणखी एक चाचणी घ्यावी. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर ऑनलाइन साधनांत उघडला, की निरर्थक अक्षरे दिसतात. असे दस्तऐवज आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतात. त्यानंतर देवनागरी शब्दाचा शोध नीट लागतो का, जोडाक्षरे छापील प्रतीत शाबूत राहतात का, हे पाहावे. ज्या साधनात जुने पत्र सापडत नाही, ते कपाट कितीही देखणे असले तरी कुलूपबंदच म्हणायचे.

नोंदी कोणाच्या ताब्यात?

साधने बंद पडतात, हे विसरू नये. याहू मेसेंजर २०१८मध्ये बंद झाला. एके काळी परदेशातील मुलांशी बोलण्याचे हक्काचे साधन असलेले स्काइप ५ मे २०२५ रोजी थांबले. म्हणून आपली सर्व माहिती सर्वसाधारण स्वरूपात उतरवून घेता येते का, हे खरेदीपूर्वी करून पाहावे. मुख्य खाते संस्थेच्या ई-मेलवर असावे. एखाद्या कर्मचाऱ्याच्या खासगी पत्त्यावर नसावे. तो नोकरी सोडून गेला, की नोंदीही जातात.

सुरक्षितता ही पुष्कळशी वापरणाऱ्याच्याही हाती असते. एप्रिल २०२०मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमविषयी इशारा दिला, तेव्हा प्रत्येक बैठकीला नवा क्रमांक व परवलीचा शब्द ठेवणे, प्रतीक्षा कक्ष वापरणे आणि सर्व जण आल्यावर बैठक कुलूपबंद करणे, अशा सूचना केल्या होत्या. त्या आजही कोणत्याही साधनाला लागू पडतात. शिवाय ग्राहकांची माहिती हाताळणाऱ्यांनी २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील आपल्या जबाबदाऱ्या समजून घ्याव्यात.

निवडीची रीत

दोनच साधने निवडा आणि प्रत्येकावर दोन आठवडे खरेखुरे काम करा. चाचणीत संगणकाची सवय नसलेला एक सहकारी आणि गावाकडून काम करणारा एक सहकारी अवश्य घ्या. शेवटी तीन प्रश्न विचारा : मागील आठवड्याचा निर्णय दोन मिनिटांत सापडला का? एकही माणूस निरोपावाचून राहिला का? आणि उद्या साधन बदलायचे ठरले, तर नोंदी सोबत नेता येतील का? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे देणारे साधन नावाने लहान असले, तरी तेच घ्यावे. मग ‘तातडीचे असेल तर फोन, निर्णय असेल तर लेखी’ असा नियम पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावा. तो पाळला गेला नाही, तर महागातले महाग सॉफ्टवेअरही चमूला एकत्र ठेवू शकणार नाही.