फोटोमागचे नाव : कोल्हापूरच्या तीन परदेशवाऱ्या आणि शिरोलीतील अल्बम

#धागा

१/
कोल्हापुरातून पुण्याच्या दिशेने निघून पंचगंगेचा पूल ओलांडला की महामार्गालगत शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. फौंड्र्या, मशीन शॉप, पॅटर्नची दुकाने. येथील कास्टिंग देशात आणि परदेशांत जाते. कास्टिंगपाठोपाठ माणसेही गेली : कुणी यंत्र पाहायला, कुणी ग्राहक गाठायला, कुणी प्रदर्शनाला. त्या प्रवासांचे फोटो आज कारखान्यातल्या कपाटांत आणि घरांच्या माळ्यांवर पडून आहेत. ते ‘फिरायला गेल्याचे फोटो’ म्हणून कुणी उघडत नाही.

२/
हे फोटो म्हणजे इतिहासाचे साधन आहे. मात्र साधन वाचावे लागते, आणि वाचण्याआधी ते टिकावे लागते. कोल्हापूरशी जोडलेल्या तीन जुन्या परदेशवाऱ्या या बाबतीत आपल्याला बरेच काही शिकवतात. पहिली १८७० ची, दुसरी १८८३ ते १८८६ या काळातली, तिसरी १९०२ ची. पहिली नावाविषयी सांगते, दुसरी फोटोखालच्या ओळीविषयी, तिसरी तारखेविषयी. त्या पाहून मग शिरोलीला परत येऊ.

३/
करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले आणि १८७० साली युरोपला गेले. वय अवघे वीस. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट हे इंग्रज अधिकारी होते. इंग्लंडमध्ये महाराजांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, संस्था पाहिल्या, आणि या साऱ्याची रोजनिशी इंग्रजीतून स्वतः लिहिली. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले.

४/
फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होती. शवदहन ही तेथे रूढ गोष्ट नव्हती. तरीही नगरप्रशासनाने विशेष परवानगी दिली, आणि शहराच्या पश्चिमेस, कास्चिने उद्यानाच्या टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर महाराजांवर अंत्यसंस्कार झाले. १८७४ साली त्याच जागी स्मारक उभे राहिले. छत्रीखाली बसवलेला रंगीत अर्धपुतळा शिल्पकार चार्ल्स फुलर यांनी घडवला, तर छत्रीची रचना चार्ल्स मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी योजला, तेच हे मँट.

५/
हा पुतळा म्हणजे एका प्रवासाचे दगडी छायाचित्रच म्हणावे. आता त्याचे पुढे काय झाले ते पाहा. स्मारकावर महाराजांचे नाव कोरलेले आहे; पण शहराच्या बोलण्यात ती जागा झाली ‘इंदियानो’, म्हणजे ‘तो भारतीय’. १९७८ साली जवळच आर्नो नदीवर केबलच्या आधाराने पेललेला मोठा पूल पुरा झाला. त्याचे नावही ‘इंदियानो’ पडले. रोज हजारो वाहने ज्याच्या नावाच्या पुलावरून जातात, त्याचे नाव त्या पुलावर नाही.

६/
इकडे कोल्हापुरात राजाराम कॉलेजमुळे नाव घराघरांत आहे. पण त्या नावाचा तरुण फ्लॉरेन्समध्ये गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. एकीकडे चेहरा राहिला आणि नाव निसटले. दुसरीकडे नाव राहिले आणि चेहरा निसटला. दोन्ही टोके जोडणारी वस्तू एकच : ती रोजनिशी. वेस्ट यांनी १८७२ साली ती संपादित करून छापली, म्हणून महाराज कोणत्या दिवशी कुठे होते आणि त्यांना काय वाटले, हे आज सांगता येते.

७/
पहिला धडा असा की परक्या मुलखात माणसाचे नाव सर्वांत आधी गळते. उरतो ‘एक भारतीय’, ‘एक शिष्टमंडळ’, ‘आमचे पाहुणे’. चित्र कितीही भक्कम असले तरी नाव जपण्याचे काम ते करीत नाही. ते काम शेजारच्या लिखाणाला करावे लागते.

८/
दुसरा फोटो अमेरिकेतला. फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज, १० ऑक्टोबर १८८५. अधिष्ठाता रेचेल बॉडली यांनी दिलेल्या स्वागतसमारंभाच्या दिवशीचा. डावीकडे साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे सिरियाच्या पारंपरिक पोशाखातील साबात इस्लांबुली. तिघींनीही पुढे याच संस्थेतून वैद्यकीय पदवी घेतली. हा फोटो दीर्घकाळ कॉलेजच्या संग्रहात राहिला, आणि २०१० नंतरच्या काळात इंटरनेटवरून जगभर पोचला.

९/
बहुतेकांनी तीन चेहरे पाहिले आणि पुढे सरकले. आपण खालच्या ओळी वाचू. तिघींच्याही नावाआधी ‘डॉ.’ आहे. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी, ओकामींना १८८९ साली आणि इस्लांबुलींना १८९० साली. म्हणजे फोटो काढला त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. फोटो आणि त्याखालचे शब्द एकाच दिवसाचे असतीलच असे नाही, हे या दोन अक्षरांवरून कळते.

१०/
आणखी पाहा. आनंदीबाईंच्या नावापुढे गावाचे नाव ‘सेरानिसोर’ असे पडले आहे. या नावाचे गाव नाही. हे बंगालमधील सेरामपूर, म्हणजेच श्रीरामपूर. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते आणि त्यांची बदली तेथे झाली होती. तेथील कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी आपण अमेरिकेला का जात आहोत, हे जाहीर भाषणात सांगितले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या निघाल्या. इस्लांबुलींचे ‘साबात’ हे नावही त्या ओळीत ‘ताबात’ झाले आहे.

११/
चुकीची ओळ म्हणून ती खोडून टाकली असती, तर काय गेले असते? कल्याणमध्ये जन्मलेली एक मराठी मुलगी अमेरिकेच्या दप्तरात बंगालच्या गावाची म्हणून का नोंदली गेली, हा प्रश्नच गेला असता. चुकलेली अक्षरेसुद्धा पुरावा असतात. त्यांच्या शेजारी दुरुस्ती लिहावी. त्यांच्यावर लिहू नये.

१२/
या ओळीत कोल्हापूर कुठेच नाही. पण पदवीनंतर आनंदीबाईंची नेमणूक झाली ती कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागावर. आज आपण त्याला सीपीआर म्हणतो. क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई त्या खुर्चीवर बसूच शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. सीपीआरच्या दारात उभे राहून तो फिलाडेल्फियाचा फोटो पाहिला, तर तो आपल्या शहराचाही फोटो होतो.

१३/
तिसरी वारी राजर्षी शाहू महाराजांची, १९०२ सालची. निमित्त होते सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाचे. समारंभ ठरला होता २६ जूनला. दोनच दिवस आधी राजाच्या पोटात गाठ झाली म्हणून शस्त्रक्रिया करावी लागली, आणि सोहळा ९ ऑगस्टपर्यंत लांबला. दरम्यान पदके, कप, बशा यांच्यावर २६ जून ही तारीख आधीच छापली गेली होती. न झालेल्या समारंभाची तारीख मिरवणाऱ्या त्या वस्तू आजही संग्राहकांकडे सापडतात. वस्तूवर छापलेली तारीख आणि घडलेली तारीख या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

१४/
याच मुक्कामात केंब्रिज विद्यापीठाने शाहू महाराजांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. अशा प्रवासाचे फोटो म्हटले की झगे, फेटे, मानचिन्हे डोळ्यांसमोर येतात. पण त्या वारीच्या काळातली सर्वांत मोठी घटना कोणत्याही कॅमेऱ्यापुढे घडली नाही. महाराज परदेशात असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या राजपत्रात हुकूम निघाला : संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवाव्यात. फोटो माणूस कुठे उभा होता ते दाखवतो. त्याने त्या दिवसांत काय केले, ते चौकटीबाहेर शोधावे लागते.

१५/
आता शिरोली. रोलचा जमाना आठवा. एका रोलमध्ये ३६ फ्रेम, धुण्याचा खर्च वेगळा, हाती मोजके परकीय चलन. त्यामुळे फोटो निघाले ते मनोऱ्यासमोर, पुलावर, विमानतळावर. अल्बमच्या पहिल्या पानांवर तेच लागले. मोल्डिंग लाइन, प्रदर्शनातला स्टॉल, कँटीनमधले जेवण, यजमान कारखान्याचे फाटक, ही चित्रे ‘काही खास नाही’ म्हणून पाकिटातच राहिली. उद्योगाच्या इतिहासाला नेमकी तीच हवी आहेत. मनोऱ्याचे फोटो जगात लाखो आहेत. तुमच्या वडिलांनी न्याहाळलेल्या यंत्राचा कदाचित एकच असेल.

१६/
तारीख कशी लावावी? फौंड्रीवाल्यांना माहीत असलेले ‘गिफा’ हे प्रदर्शन जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला दर चार वर्षांनी भरते : २००३, २००७, २०११, २०१५, २०१९, २०२३. मागे त्याचा फलक दिसला, तर फोटो या मोजक्या वर्षांतल्या किंवा त्यांच्या आधीच्या फेऱ्यांतल्या एखाद्याचा. दुकानाच्या पाटीवर किंमत युरोत असेल आणि नोटाही युरोच्या असतील, तर तो १ जानेवारी २००२ नंतरचा. कोपऱ्यात उमटलेले नारिंगी आकडे मात्र तपासून घ्यावेत. कॅमेऱ्याचे घड्याळ कुणी लावलेच नसेल, तर ते २६ जूनच्या बशीइतकेच खरे.

१७/
मोबाइलच्या फोटोंनाही हेच लागू. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलच्या नावातली तारीख फोटो पाठवल्याची असते, काढल्याची नसते. मूळ फाइलमधली माहिती वाटेतच गळते. प्रवासाचे फोटो जपायचे असतील, तर ज्याने काढले त्याच्याकडून मूळ फाइल मागावी. आणि ‘ज्याने काढले’ त्याचेही नाव लिहावे. सबंध अल्बममध्ये न दिसणारा तोच एक सहप्रवासी असतो.

१८/
हे आजच का करायचे? कारण शिरोलीच्या शेजारी पंचगंगा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये महापुराचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली. नदीकाठच्या घरांतून माणसे, जनावरे, धान्य आधी हलवावे लागते. अल्बमची पाळी येतच नाही. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. तो पाण्याने फुगतो, मऊ होतो, आणि वाळताना शेजारच्या फोटोला किंवा काचेला कायमचा चिकटतो.

१९/
भिजलेले फोटो एकमेकांना चिकटलेल्या स्थितीत वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे करावेत, चित्राची बाजू पुसू नये, ती वर ठेवून सावलीत वाळवावेत. दोन दिवसांत उरकणार नसेल, तर मेणकागद मध्ये घालून पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. कोरड्या अल्बमच्या बाबतीत, चिकट पानांवरून फोटो उपटण्याआधी सबंध पानाचा फोटो घ्यावा. कोणता फोटो कुणाशेजारी होता, हीसुद्धा माहिती आहे. आणि निगेटिव्ह फेकू नयेत.

२०/
मग घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर अल्बम उघडून बसावे. चार प्रश्न पुरेत : हे कोण? हे कुठे? कधी? फोटो कुणी काढला? उत्तर ऐकाल तसे लिहा; ‘बहुतेक’ म्हणाले तर ‘बहुतेक’ लिहा. जुन्या कागदी फोटोच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने, आणि प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नसल्यास पाकिटावर. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो. आधी कुणी लिहिलेले चुकीचे वाटले, तरी तसेच राहू द्यावे.

२१/
पंचगंगेवरच्या पुलामुळे या गावाला ‘पुलाची शिरोली’ म्हणतात. तिकडे आर्नोवरच्या पुलाला आपल्याच एका राजाची ओळख मिळाली, पण नाव वगळून. त्यांची रोजनिशी होती, म्हणून ते नाव आपल्याला परत जोडता आले. शिरोलीतून ड्यूसेलडॉर्फला गेलेल्या मिस्त्रींनी, फोरमननी, कारखानदारांनी रोजनिशा फारशा लिहिल्या नसतील. पण त्यांपैकी बरेच जण आज आपल्यात आहेत, आणि विचारले तर सांगतात.

आपल्या घरी असा फोटो असेल, तर या रविवारी त्याच्या मागे नाव लिहा.

(धागा समाप्त)