लोणारी कोळशावरची मोटार

ठाण्याची खाडी कळव्याच्या पुलावरून ओलांडून, पारसिकच्या डोंगराच्या कुशीने मुंब्र्यावरून येणारी सडक शीळ गावाच्या हद्दीत जेथे फुटते, आणि एक वाट पनवेलकडे तर दुसरी कल्याणकडे वळते, त्या शीळफाट्याच्या परिसरात सीएनजी भरण्यासाठी ताटकळलेल्या रिक्षा पाहिल्या, म्हणजे खनिज तेलाला पर्याय शोधण्याचा उद्योग आपल्याच पिढीने आरंभिला असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तो जुना आहे. वाशीचा पूल १९७३ साली होईपर्यंत मुंबईहून पनवेलला व तेथून बोरघाटाने पुण्याला जाणाऱ्या मोटारीस ठाण्यावरून हाच वळसा पडे. आणि त्या काळातील काही वर्षे अशी होती, की मुंबई इलाख्यातील कितीतरी मोटारी पेट्रोलवर नव्हे, तर रानात भाजलेल्या लाकडी कोळशावर, ज्याला आपण लोणारी कोळसा म्हणतो त्यावर, धावत होत्या.

दुसऱ्या महायुद्धात १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडले, आणि एप्रिलमध्ये येनानजाऊंगच्या तेलविहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनी स्वतःच्याच हाताने उद्ध्वस्त केल्या. हिंदुस्थानच्या दिव्यांना व मोटारींना तेल पुरविणारा ब्रह्मदेश असा एका हंगामात हातचा गेला. जर्मनीत व स्वीडनमध्ये त्या सुमारास लाकडाच्या ढलप्यांपासून गॅस काढून लाखो मोटारी चालविल्या जात होत्या. आपल्याकडे ढलप्यांऐवजी कोळसा आला.

त्या मोटारीची रचना पाहण्यासारखी होती. मागील बाजूस पुरुषभर उंचीचे लोखंडी पिंप जोडलेले असे. क्लीनर वरचे झाकण उघडून त्यात कोळसा ओती, खालून विस्तव घाली, आणि हाताने फिरवावयाचा पंखा घामाघूम होईतो फिरवीत राही. हवा बेताचीच मिळाल्यामुळे कोळसा पुरता न जळता त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा ज्वलनशील वायू निघे. तो थंड करून, गाळून, नळीने इंजिनात नेत. वायू तयार झाला की नाही हे पाहावयाचे, तर नळीच्या तोंडाशी काडी ओढावी आणि ज्योत स्थिर राहते का ते निरखावे. हा वायू विषारी, आणि त्याला स्वतःचा रंग वा वास नाही, म्हणून बंदिस्त जागेत पिंप पेटविणे म्हणजे जिवाशी खेळ. इतके करून इंजिनाची ताकद एक-तृतीयांशाने, कधी निम्म्याने घटे, आणि चढणीवर गाडीने दम टाकला की प्रवाशांना खाली उतरावे लागे. तरीही गाडी मुक्कामास पोहोचे, आणि त्या काळी तेवढे पुष्कळ होते.

हा कोळसा खाणीतून येत नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एक गॅलन पेट्रोलचे काम करावयास १२ ते १४ पौंड कोळसा लागे, आणि मातीच्या भट्टीत एक पौंड कोळसा पडावयास पाच-सहा पौंड लाकूड जाळावे लागते. म्हणजे गॅलनामागे सुमारे ७० पौंड लाकूड. मुंबईला लागणारा लोणारी कोळसा शहापूर, मुरबाड, कर्जतच्या रानांतून उतरे, आणि तो भाजणारे हात बहुतांशी कातकऱ्यांचे असत. खैराच्या गाभ्यापासून कात काढणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, आणि ज्यावरून त्यांचे नाव पडले असे मानतात, त्यांना १८७८च्या जंगल कायद्याने राखीव रानातील खैर परका झाला. मग लिलावात कूप, म्हणजे तोडीस काढलेला रानाचा तुकडा, घेणाऱ्या मक्तेदाराच्या भट्टीवर जाण्यावाचून त्यांना फारसा उपाय उरला नाही. पावसाळ्यात खावटी, म्हणजे पोटापुरती उचल, घ्यावयाची आणि दिवाळीनंतर ती अंगमेहनतीने फेडावयाची, असा तो बंदोबस्त होता. भट्टी लावणे हे अडाण्याचे काम नव्हे. ओंडके रचून, त्यांवर पाला व माती लिंपून, आत विस्तव सोडल्यावर रात्रंदिवस जागता पहारा ठेवावा लागतो; मातीला कोठे तडा गेला आणि वारा आत शिरला, की कोळशाची राख होते, आणि मालकाच्या वहीत ते नुकसान मजुराच्या नावावर पडते. पेट्रोलची टंचाई ज्याला मुंबईत जाणवली त्याच्या तोंडी कोळशाच्या गाडीची गोष्ट राहिली. मला मात्र ती गोष्ट भट्टीपासून सांगावीशी वाटते. युद्धाच्या मागणीने रानतोड वाढली. जानेवारी १९४५मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठीस नकार देऊन गवत व लाकूड तोडण्याची रास्त मजुरी मागितली, त्यामागेही असेच रान आणि असेच मक्तेदार होते.

शांतता झाली, पेट्रोल पुन्हा मिळू लागले, आणि पिंपे भंगारात गेली. दुसरा पर्याय म्हणून साखरेच्या मळीचा मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळविण्याचा कायदा १९४८ साली झाला, पण त्याच मद्यार्काचे प्रयोग मिरज व मनमाड येथे सुरू व्हावयास २००१ साल उजाडले. मधल्या काळात, १९७४मध्ये, ‘सागरसम्राट’ या विंधन जहाजाने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले, तेथील वायू उरणला आला, आणि १९९५ साली महानगर गॅस कंपनी स्थापन होऊन पुढे तो नळांनी रिक्षांपर्यंत पोहोचला. आज देशात जळणाऱ्या वायूपैकी सुमारे निम्मा परदेशातून जहाजांनी येतो.

लोणारी कोळशाच्या भट्ट्या मोटारींच्या आधीपासून होत्या, आणि मोटारींनी पाठ फिरवल्यावरही विझल्या नाहीत. अजून दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन, पोरेबाळे व भांडीकुंडी सोबत बांधून कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांकडे निघतात, आणि पावसाच्या तोंडाशी वाडीवर परततात.